बोलणं शिकवतात ती खोली

खिडकीतल्या माणसाने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि परत बाहेर सरकवली.

"हे इथं नाही काकू. इथं हाडाचे फोटो निघतात."

"मंग कुठी होते?"

"काय होते?"

"बोलनं," गोपिका म्हणाली. "बोलनं शिकवते म्हणे इथं. डॉक्टरनं लिहून देलं हाय त्याच्यावर."

रांगेत मागे कोणीतरी हसलं. गोपिकेने वळून पाहिलं नाही. चिठ्ठीच्या पुन्हा चार घड्या घातल्या आणि बाकावर बसलेल्या नवऱ्याच्या दंडाला हात लावला. "उठा. इथं नाही म्हणते."

महादेवराव उठले आणि उजवा पाय ओढत तिच्यामागे निघाले. सकाळपासूनची ही चौथी खिडकी. पहिलीने रक्त तपासायला धाडलं, दुसरीने अपंगांच्या दाखल्याच्या रांगेत दीड तास उभं केलं, तिसरीतली बाई जेवायला गेली होती. एवढा मोठा सरकारी दवाखाना गोपिकेने जन्मात पाहिला नव्हता. कुहीपलीकडचं त्यांचं अख्खं गाव इथल्या एका इमारतीत मावलं असतं आणि वर ढोरं बांधायला जागा उरली असती.

चार महिन्यांपूर्वी धान कापणीला आलं असताना महादेवराव बांधावर बसल्या जागी कलंडले. लकवा. पुढे पाय सुधारला, उजवा हातही जरा हलू लागला, पण वाचा गेली ती गेलीच. समजत सगळं होतं. पाणी आणा म्हटलं की आणून देत. स्वतःला पाणी हवं असलं की मात्र ओठ नुसते हलत, घशातून भलताच आवाज निघे आणि मग ते तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसत.

अंकुरने दोघांना नागपुरात आपल्याकडे आणलं. बेसा रोडवर तिसऱ्या माळ्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. अंकुर बुटीबोरीला कंपनीत, सून मयुरी चष्म्याच्या दुकानात. दोघंही जीव लावणारी, पण सकाळी आठला जायची ती दिवेलागणीला यायची. शेजारच्या तिन्ही दारांवर पाट्या होत्या आणि तिन्ही दारं बंद. कोणाला काय विचारावं, हे गोपिकेला कळत नव्हतं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. रेशनचं दुकान असो, बँक असो की तहसील, बोलायचे ते महादेवरावच. ती मागे उभी राहायची. कोणी तिला काही विचारलं तरी उत्तर तेच द्यायचे, आणि त्यात तिला कधी वावगं वाटलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात, ती न्हाणीत असताना, महादेवराव एकटेच खाली उतरले. फिरून परतताना चुकले. तिथे सगळ्या इमारती एकाच रंगाच्या. भलत्याच इमारतीत, भलत्याच तिसऱ्या माळ्यावर जाऊन दार ठोकत राहिले. आतली बाई घाबरून ओरडली. वॉचमन आला, चार माणसं जमली. नाव काय, कुठले, कोणाकडे आलात? यांच्या तोंडून अक्षर फुटेना. दारू प्यायलेला दिसतो, असं म्हणून कोणीतरी धक्का दिला. तीन तासांनी अंकुरला सापडले तेव्हा ते फाटकाजवळ जमिनीवर बसले होते आणि सदऱ्याला पाठभर माती होती.

दुसऱ्या दिवशी अंकुरने कुलूप आणलं.

"आई, आम्ही गेलो का बाहेरून लावत जाऊ. तू हायस ना आत."

"मानसाले कुलूप?"

"मंग काय करू, सांग ना! उद्या गाडीखाली आले तर? सोताचं नाव तरी सांगता येते का त्याहिले?"

तो बोलला ते खरं होतं. त्या दिवशी महादेवरावांनी एकदाच उठून दार ओढून पाहिलं आणि परत खुर्चीत येऊन बसले. रागावले असते तर तिला चाललं असतं. ते रागावले नाहीत. गोठ्यातला म्हातारा बैल दावं ताणून बघतो आणि खाली बसतो, तसे बसले.

तिसऱ्या दिवशी मयुरी पायात चप्पल घालत होती, तेव्हा सासू इस्त्रीचं लुगडं नेसून, पिशवी घेऊन दारात उभी.

"आज कुलूप नोको लावू. आम्ही दवाखान्यात जाऊन राहिलो."

"आई, पुढच्या महिन्यात यांना सुट्टी मिळते, तेव्हा जाऊ ना सगळे."

"बस कोनती, तेवढं सांग."

मयुरीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि बर्डीला कुठे उतरायचं, दुसरी बस कोणती, ते मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिलं.

असे ते इथवर आले होते. चौथ्या खिडकीनंतर मात्र गोपिकेचा धीर सुटत चालला. ती जिन्याजवळ थांबली. फरशी पुसणारी एक बाई बादली सरकवत आली, तिला तिने विचारलं, "बाई, बोलनं शिकवते ते कुठी हाय वं?"

बाईने महादेवरावांच्या ओढल्या पायाकडे पाहिलं. "बोली गेली का याहिची? चाल, मी दाखवतो." तिने पोछा बादलीत उभा केला आणि दोघांना जिन्याखालून, औषधांच्या खोक्यांमधून, कानाच्या वॉर्डामागच्या निळ्या दारापर्यंत नेऊन सोडलं. "दामिनी मॅडम हाय आत. चांगली हाय."

आत टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतीवर फळांची चित्रं. सव्वीस-सत्तावीसची मुलगी डबा बंद करत होती. तिने कागद वाचले आणि खुर्ची महादेवरावांच्या अगदी समोर ओढली.

"काय नाव काका तुमचं?"

"महादेवराव," गोपिका म्हणाली.

"तुम्ही नाही काकू. त्यांना सांगू द्या."

महादेवरावांचे ओठ हलले. कपाळाला घाम आला, मानेची शीर फुगली. गोपिकेने पदर मुठीत आवळला. नाव तिच्या जिभेवर येऊन बसलं होतं. अखेर महादेवरावांनी डाव्या हाताने टेबलावर थाप मारली आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात शब्द बाहेर पडला.

"भैताड!"

धरणीने पोटात घ्यावं असं गोपिकेला झालं. दामिनी मात्र खुदकन हसली.

"अरे वा! मस्त. कोणाला वेडा म्हणता काका, मला का स्वतःला?" मग गोपिकेकडे वळून ती म्हणाली, "लाजू नका काकू. ठरवून शब्द शोधला की सापडत नाही. रागात आपोआप निघून येतो. बऱ्याच जणांचं असं होते. म्हणजे आवाज जागेवर आहे, रस्ता तेवढा मोडला."

त्या दिवशी तिने त्यांच्यासोबत एक ते दहा आकडे म्हटले, टाळी देत देत. सहापर्यंत ते तिच्यामागून आले. निघताना तिने गोपिकेला एकच गोष्ट बजावली. "त्यांच्या तोंडात शब्द द्यायचा नाही. कितीही वेळ लागो, थांबायचं."

हेच सगळ्यात अवघड होतं. चार महिने तीच त्यांचं बोलणं पुरं करत आली होती. आता भरला पेला हातात धरून ती समोर उभी राही, ते 'प... प...' करत आणि तिला वाटे, आपण तहानलेल्याला छळतोय. कधी ते चिडून पेला ढकलून देत. ती पाणी पुसून पुन्हा भरून आणी. आठवड्यातून दोनदा बस. कंडक्टर ओळखू लागला, फरशीवाली बाई विचारू लागली.

तिसऱ्या आठवड्यात अंकुर एक दिवस रजा काढून सोबत आला. कोपऱ्यात बसून त्याने पाहिलं. केळ्याच्या चित्रावर बाप पाऊण तास घाम गाळत होता. शेवटी 'के' आला, पुढचं नाही आलं. अंकुर मध्येच उठून बाहेर गेला. संध्याकाळी त्याने कुलूप कडीतून काढून मयुरीच्या शिलाईच्या डब्यात टाकलं आणि खालच्या वॉचमनला वर बोलावून बाबांशी ओळख करून दिली. हे त्याला आधी सुचलं नव्हतं, याची त्यालाच शरम वाटत होती.

सहाव्या आठवड्यात दामिनीने मोबाइलवर गोपिकेचा फोटो काढला आणि महादेवरावांसमोर धरला. "ह्या कोण?"

गोपिका गडबडली. "ते माहं नाव नाही घेत मॅडम. 'अवं' म्हनते, नाही तं अंकुरची माय."

"मग तर घेतलंच पाहिजे."

महादेवराव फोटोकडे बघत राहिले. मग फोटो सोडून तिच्याकडे. "गो," ते म्हणाले. थांबले. डोळे मिटले. "गो... पिका."

दामिनीने टाळ्या वाजवल्या. गोपिकेला मात्र कोणीतरी माहेरच्या विहिरीवरून हाक मारल्यासारखं झालं. तिने उगाच पिशवीतली बाटली काढली आणि परत ठेवली.

त्या दिवसापासून तो शब्द त्यांच्या जिभेवर बसला तो उठेना. चहाला गोपिका, चपलेला गोपिका, टीव्ही बंद करायलाही गोपिका. पहिले चार दिवस तिला हसू येई. मग भीती वाटायला लागली. तिने दामिनीला विचारलं.

दामिनीने पेन खाली ठेवलं. "असा एखादा शब्द अडकून बसतो, काकू. अजून काही शब्द येतील. पण आधीसारखं सगळं बोलणं..." ती थांबली. "मी खोटं सांगणार नाही. नाही येणार."

"त्यायले सांगाचं का हे?"

"ते ऐकून राहिले ना."

महादेवराव खरंच ऐकत होते. खिडकीबाहेर कडुलिंबाखाली कोणाचा तरी डबा उघडला होता, तिकडे त्यांची नजर होती. मग ते उठले, टेबलावरची पिशवी स्वतःच्या डाव्या खांद्याला अडकवली आणि दाराशी जाऊन बायकोची वाट बघत उभे राहिले.

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. दोघांना कशीबशी जागा मिळाली. आज कंडक्टर नवा होता, घाईत होता.

"बोला काका, कुठं जायचं?"

स्टॉपचं नाव गोपिकेच्या ओठांवर आलं. तिने ते गिळलं.

"बोला ना भाऊ लवकर, मागं लोक हाय."

"गोपिका," महादेवराव म्हणाले.

"गोपिका? आपल्या रूटवर असा स्टॉप नाही ना काका." आजूबाजूचे दोघं-तिघं हसले.

महादेवरावांनी कंडक्टरकडे नीट पाहिलं. डावा हात उचलून गोपिकेकडे बोट केलं, मग ते बोट पायरी उतरल्यासारखं खाली नेलं आणि आपल्या छातीवर टेकवलं. "गोपिका," पुन्हा म्हणाले, आवाज न चढवता, एखादा पत्ता सांगावा तसं.

कंडक्टर क्षणभर थबकला. "समजलं. ह्या जिथं उतरते, तिथं तुम्ही. बराबर?"

महादेवरावांनी मान हलवली.

"ताई, तुम्ही कुठं मंग?"

"बेसा चौक," गोपिका म्हणाली. "दोन द्या."

कंडक्टरने तिकिटं फाडली आणि तिच्या हातात न देता काकांपुढे धरली. महादेवरावांनी उजवा हात पुढे केला. बोटं नीट मिटत नव्हती. त्यांनी डाव्या हाताने ती एकेक करून कागदावर दाबून बसवली. बस वळली, गर्दी इकडची तिकडे कलली. गोपिका खिडकीबाहेर बघत होती. शेजारी महादेवराव तिकिटं धरून ताठ बसले होते.