रेघेच्या आत

पोलीस चौकीसमोर मुंगीला शिरायला जागा नव्हती. हवालदार स्टुलावर चढला, फळा पुसला आणि 'चालू महिन्यातले गुन्हे' या शब्दांपुढे खडूने पुन्हा एकदा गरगरीत शून्य काढलं. गर्दीतले कित्येक हात आपोआप जोडले गेले. हवालदाराला वाटलं, आपल्यालाच नमस्कार करताहेत. पण सगळ्यांच्या नजरा शून्यावर होत्या.

ही तीच वस्ती, जिथे दिवेलागणीनंतर यायला रिक्षावाले नाही म्हणायचे. आठवडा कोरडा जात नसे. कुठे कुलूप तुटायचं, कुठे कुणाला अडवलं जायचं. मग रेघबाबा आला. चुन्याचा डबा घेऊन त्याने गटारं, भिंती, रस्ते ओलांडत सबंध वस्तीभोवती पांढरी रेघ ओढली. "या रेघेला चोराचा पाय लागला, की त्याच्या डोळ्यांपुढे अंधार," असं तो सांगे, जणू त्या अंधाराची जागा स्वतः पाहून आलाय. अटी दोनच. दाराला कडी लावायची नाही, कारण कडी म्हणजे संशय आणि संशयाने रेघ पुसते. आणि 'चोरी' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. जो काढेल त्याच्या शेजाऱ्याच्या दारात रेघ तुटेल, आणि शेजाऱ्याच्या लेकराबाळांचं जे होईल ते बोलणाऱ्याच्या माथी.

तेव्हापासून फळ्यावर शून्यच होतं.

गर्दीच्या मागे उभी असलेली डॉक्टरीण हे बघत होती. मोठ्या रस्त्यापलीकडे तिचा दवाखाना होता. रेघेच्या आत तिची थोरली बहीण राहायची, आणि भावोजी लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिना महिना बाहेर. आकडा आवडावा असाच होता. ताई सुखरूप राहणार असेल तर चुन्याचा पुढचा डबा आपण विकत आणून देऊ, असं ती कंपाउंडरला म्हणालीही होती. तो म्हणाला, "बाई, चुना रस्त्याला लागलाय की लोकांना, तेवढं आधी बघा." ती हसली होती.

मग माणसं पडायला लागली.

धोबीण मनगट निखळवून आली. एक निवृत्त कारकून फुटलेली भुवई घेऊन आला. शिंप्याच्या बायकोचा पुढचा दात गेला होता. काय झालं विचारलं की मान खाली आणि उत्तर एकच: जिन्यावरून पडलो, जिन्यावरून पडले. डॉक्टरीण टाके घालत राहिली. जपून उतरत जा, असंही सांगत राहिली.

आणि एका दुपारी ताई आली. अंगाची लाही होत असताना तिने ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळली होती. डॉक्टरणीने ती सोडवली. खाली मानेभोवती बारीक लाल वळ, दोरा आवळून ओढल्यासारखा.

"जिन्यावरून पडले," ताई म्हणाली.

"ताई, तुझ्या दोन खोल्या आणि वर पत्रा. तुझ्या घरातली सगळ्यांत उंच चढण म्हणजे उंबरठा." डॉक्टरणीने रिकाम्या गळ्याकडे बोट केलं. "साखळी कुठाय?"

"पॉलिशला दिलीय." मग तिने धाकटीचा हात धरला. "शेजारणीची पोर लहान आहे गं. मला बोलायला लावू नकोस."

डॉक्टरणीच्या हातातला कापूस तसाच राहिला. धोबीण, कारकून, शिंपी, सगळ्यांची घरं तिला माहीत होती. सगळी बैठी. त्या अख्ख्या वस्तीत जिना होताच कुठे? प्रत्येकाला वाटत होतं, आपलीच श्रद्धा कमी पडली, आपल्यालाच फटका बसला, बाकी सगळे सुखरूप आहेत. ती ताईला विनवून थकली. पण कडी लावायला ताई तयार होईना. साखळी ओढणारा पुन्हा आला तर त्याला फक्त दार ढकलायचं होतं.

त्यातच बातमी आली, की गुन्हेच नाहीत म्हणून चौकी दुसरीकडे हलवणार. रविवारी सकाळी निरोपाची सभा भरली. बाबा रंगात आला होता. शून्य म्हणजे पूर्ण, म्हणाला. शून्यात काय नसतं? आणि पूर्णाला पोलीस कशाला?

डॉक्टरीण पुढे झाली. बाबा गोड हसला. "विचारा बाई. तेवढा तो शब्द नको."

"तो शब्द मी काढणार नाही. मला पेशंटची चौकशी करायचीय." ती लोकांकडे वळली. "गेल्या काही महिन्यांत जिन्यावरून कोण कोण पडलं? हात वर करा."

यात निषिद्ध काहीच नव्हतं. धोबिणीने बरा झालेला हात वर केला. मग कारकुनाने. मग जे कधी दवाखान्यात आलेही नव्हते असे हात वर व्हायला लागले, इकडून, तिकडून, मागून. लोक एकमेकांच्या हातांकडे बघू लागले.

"आता ज्यांच्या घरी जिना आहे, त्यांनीच हात वर ठेवा."

हात खाली आले. एकही राहिला नाही.

"हवालदारसाहेब, तुमच्या फळ्यावर घडलेले गुन्हे असतात, की सांगितलेले?"

हवालदाराने मानेवरचा घाम पुसला. "सांगितलेले. न सांगितलेले मी कुठून मोजणार?"

रेघ तुटतेय, म्हणून बाबा ओरडू लागला. तो चोरांना सामील आहे का, असं कुणीतरी मागून विचारलं. डॉक्टरीण म्हणाली, "ते मला माहीत नाही, आणि पुराव्याशिवाय मी म्हणणार नाही. पण चोराला काय हवं असतं? उघडं दार आणि बंद तोंड. दोन्ही आपण त्याला दिलीत."

तेव्हा ताई उठली. "माझ्याकडे चोरी झाली," ती म्हणाली.

सगळ्यांनी शेजारणीच्या पोरीकडे पाहिलं. पोर गुडघ्यावरची खपली खरवडत होती. तिने वर बघितलं आणि पुन्हा खपलीकडे वळली.

"लिहून घ्या," ताई हवालदाराला म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "तोंडाला फडकं होतं. पण बाहेरचा नव्हता. साखळी ओढताना म्हणाला, 'वहिनी, ओरडू नका.' मला वहिनी फक्त आपल्या गल्लीत म्हणतात."

खेटून उभी असलेली माणसं नकळत अर्धं पाऊल एकमेकांपासून सरकली. इतके दिवस सगळे रेघेपलीकडे बघत होते.

"भीती वाटतेय ना?" डॉक्टरीण म्हणाली. "वाटू दे. भीती वाटते म्हणून कडी लावायची, शेजाऱ्याला विचारायचं, आणि जे झालं ते त्याच्या खऱ्या नावाने सांगायचं. रक्षणाच्या बदल्यात कुणी तुमचं तोंड बंद करायला सांगितलं, तर आधी त्याचाच संशय घ्या. आकड्यापुढे हात जोडण्याआधी विचारा, तो मोजला कसा."

धोबीण ताईच्या मागे येऊन उभी राहिली. तिच्यामागे कारकून. रांग वाढत गेली. तेवढ्यात गर्दीच्या अगदी कडेला कुणीतरी हळूच सायकलचं स्टँड काढलं, आणि सगळ्या माना एकदम तिकडे वळल्या.