त्रेचाळीसच्या बस स्टँडवरचं बाकडं

सुमित्राबाईंना कुठे जायचं नसायचं, तरी त्या रोज संध्याकाळी बस स्टँडवर जायच्या.

सेक्टर त्रेचाळीसचा हा मोठा स्टँड त्यांच्या फ्लॅटपासून चालत जाण्याजोगा. मुलगा शशिकांत सेक्टर चौतीसच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. सून रागिणी मोहालीला औषधांवर संशोधन करायची. दोघंही अंधार पडल्यावर घरी यायची, पोटात भूक आणि हातात फोन घेऊन. नात मधुरिमा शाळेतून आली की कपडे बदलून हॉकीला पळायची. मग घरात उरायचं कोण? फ्रिज. तो मधूनच घुरघुरायचा, तेवढाच काय तो आवाज.

गावी, विट्याला होत्या तेव्हा दारातून हाक मारली की चार घरांतून ओ यायची. इथे हाक मारायची तरी कुणाला? स्टँडवर निदान माणसं दिसत. शिमला, पतियाळा ओरडणारे कंडक्टर, पिशव्या पायाशी घेऊन डुलक्या काढणाऱ्या बायका. आणि एकदा, एकदाच, "अगं ती पिशवी घे की, राहिली बघ!" असं मराठी कानावर पडलं होतं. क्लासला आलेल्या दोन पोरी होत्या. बाई उठून त्यांच्यापर्यंत पोचेतो बस सुटली. तेव्हापासून त्यांना या बाकड्याची सवय लागली. घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं. विचारलं असतं तर काय सांगणार, बोलणं ऐकायला जाते म्हणून?

नोव्हेंबरातल्या त्या संध्याकाळी त्या आल्या, तर बाकड्यावर आधीच कुणीतरी बसलं होतं. हॉकी स्टिकची लांब पिशवी शेजारी टेकवलेली, पाय पोटाशी. मधुरिमा.

दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

"आजी, आप यहाँ?"

"आणि तू गं? तुझी हॉकी?"

"मम्मी को मत बताना."

"नाही सांगत. माझंही सांगू नकोस."

मधुरिमाला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. सुमित्राबाई तिच्या शेजारी बसल्या. पोरगी कितीतरी दिवस हॉकीच्या नावाखाली इथे येऊन बसत होती. दुसऱ्या टोकाच्या फलाटावर बसायची, म्हणून गाठ पडली नव्हती एवढंच.

"का गं पण?"

"आपने वो पाटवाला किया था ना. उसके बाद से."

सुमित्राबाई तिच्याकडे वळून बसल्या.

दसऱ्याच्या सुमारास मधुरिमाला न्हाण आलं. रागिणीने पोरीला पॅडचं पाकीट दिलं, सगळं नीट समजावलं आणि ती कामाला गेली. सुमित्राबाईंना ते फार कोरडं वाटलं. घरातली एकुलती एक पोर शहाणी झाली आणि साधा शिरासुद्धा नाही? रागिणी म्हणाली होती, "आई, गाजावाजा नको हं." गाजावाजा कसला, चार बायका. पण त्या चार तरी आणायच्या कुठून? मराठी मंडळातल्या ओळखीच्या दोघींना बोलावलं आणि खालच्या मजल्यावरच्या गुरप्रीतला. ती आपल्या लेकीला, सिमरनला, घेऊन आली. सिमरन मधुरिमाच्याच टीममधली. बरंच झालं, असं तेव्हा वाटलं होतं. हिरवा चुडा भरला, पाटावर बसवलं, ओटीत तांदूळ, नारळ, खण घातला. मधुरिमाने मान वर केली नाही. बाईंना वाटलं, लाजली.

"सिमरनने ग्राउंड पे सबको बोल दिया, मधू की गोदभराई हुई है."

"बरोबरच आहे की. ओटी म्हणजे गोदच."

"नहीं आजी!" पोरीचा आवाज चिरकला. "यहाँ गोदभराई तब करते हैं जब बेबी होने वाला हो. सब हँसती हैं. पूछती हैं, लड़का होगा कि लड़की."

सुमित्राबाईंच्या गावाकडे माहेराहून निघालेल्या लेकीची ओटी भरत, घरी आलेल्या पाहुणीची भरत. इथे तोच नारळ असा फुटेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"और ऊपर से वो सफ़ेद शॉर्ट्स. दौड़ूँ कि पीछे देखूँ? मॅडम चिल्लाती हैं, बॉल आगे है!"

"मग त्या दिवसांत बसावं ना घरी." बाई सवयीने बोलून गेल्या.

"बैठी तो हूँ," मधुरिमा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघी घरातून वेगवेगळ्या निघाल्या आणि बाकड्यावर भेटल्या. तिसऱ्या दिवशीही. सुमित्राबाई पदराखाली शेंगदाण्याची पुडी आणू लागल्या. पोरगी हळूहळू मोकळी झाली. एके दिवशी एका लंबूटांग कंडक्टरकडे बोट दाखवून म्हणाली, "आजी, तो बघ, उंटासारखा चालतो." मराठीत! पुन्हा हिंदीवर जाईल म्हणून बाईंनी तिच्याकडे वळून पाहिलंच नाही, हसून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "उंटाला तिकिटं नाही फाडता येत." मधुरिमा खो खो हसली. या शहरात आल्यापासून इतकं बरं त्यांना कधी वाटलं नव्हतं. दुपारी तीन वाजल्यापासूनच त्या चपलेकडे बघू लागायच्या.

हे असंच चालू दे, असं त्यांच्या मनात यायचं. आलं की त्या शेंगदाणे निवडत बसायच्या.

"सोमवारी सिलेक्शन आहे," एका संध्याकाळी मधुरिमा म्हणाली. "अंडर-फोर्टीनचं. मॅडमने ग्रुपवर टाकलंय, शनिवारपर्यंत जो नहीं आएगा उसका नाम कट."

"मग?"

"मग काही नाही. मला नाही खेळायचं."

असं म्हणत तिने पिशवीतून स्टिक काढली आणि बाकड्याखालचा चहाचा कागदी कप ओढून घेतला. डावीकडे, उजवीकडे, कप स्टिकला चिकटल्यासारखा. दोन बॅगांमधून, एका झोपलेल्या म्हाताऱ्याच्या बुटांना वळसा घालून तिने तो नेला आणि असा मारला की थेट खांबावर जाऊन आदळला. रांगेतले फौजी ओरडले, "ओए शाबाश!" पोरीचा चेहरा उजळला. मग तिने पटकन शर्ट मागून खाली ओढला, मागे वळून पाहिलं आणि येऊन बसली.

सुमित्राबाईंनी त्या दिवशी शेंगदाण्याची पुडी तशीच परत नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्याच मैदानावर गेल्या. हॉकी शिकवणाऱ्या हरलीन मॅडम लहान मुलांना पळवत होत्या. बाईंची हिंदी मोडकी. सांगताना निम्मं मराठीत गेलं, ओटीचं तर हातवारे करूनच सांगावं लागलं. मॅडमने ऐकून घेतलं. हसल्या नाहीत.

"बीजी, मैं समझी पढ़ाई के चक्कर में छोड़ गई. इस उम्र में हर साल लड़कियाँ जाती हैं. कोई बताती ही नहीं."

"सफ़ेद चड्डी से डरती है."

"कल से काली. सबकी." मॅडमने लगेच कुणाला तरी फोन लावला. मग म्हणाल्या, बँडेजच्या पेटीत पॅडही ठेवते, मागायला लागू नयेत. "और गोदभराईवालियों को मैं देख लूँगी."

"उन दिनों में दौड़े तो कुछ होता नहीं ना?" बाईंनी हळूच विचारलं. हे विचारायला त्यांना सगळ्यात जड गेलं.

"कुछ नहीं होता, बीजी. दर्द हो तो बता दे, बैठ जाए. मैं ख़ुद ऐसे ही खेली हूँ."

शनिवारी सुमित्राबाई नातीला मैदानाच्या फाटकापर्यंत घेऊन गेल्या. वाटेत पोरीने त्यांचा हात घट्ट धरला होता. आत सगळ्या मुली काळ्या शॉर्ट्समध्ये. मधुरिमा फाटकातच अडली.

तेवढ्यात सिमरन दिसली. ती क्षणभर घुटमळली, मग तिथूनच ओरडली, "ओए मधू! कहाँ मर गई थी? पास किसको दूँ मैं?"

मधुरिमाने हात सोडला. "आजी, तू आत नको येऊस, हं," म्हणाली आणि पळाली. बाई बघत होत्या. एकदाही तिने मागे पाहिलं नाही.

फाटकाशी उभं राहून किती वेळ बघणार? पाय आपोआप स्टँडकडे वळले. बाकडं रिकामं होतं. पदराखालची पुडी त्यांनी शेजारी ठेवली, मग पुन्हा उचलून घेतली. शिमल्याची गाडी भरत होती. थंडी वाढली होती.

शेजारी येऊन टेकलेल्या एका बाईने शाल सारखी करत विचारलं, "माताजी, कहाँ जाना है आपको?"

"कहीं नहीं," सुमित्राबाई म्हणाल्या. "किसी को छोड़ने आई थी."