पस्तीस मिलिमीटरचा पाईप

गेली बावीस वर्षं ताई गाड्यांचे सायलेन्सर आणि पाईप जोडत होती. गाडी शर्यतीत पळवायचा तो तिचा धाकटा भाऊ, आणि इंजिन बांधायचे ते उस्ताद. गॅरेज एकच, पण मानाची उतरंड ठरलेली: आधी उस्ताद, मग धाकटा, मग गाडी, आणि त्यानंतर जागा उरलीच तर ताई.

डोंगरचढणीच्या शर्यतीत धाकटा सलग तीन वर्षं दुसरा आला होता. रडगाणं दरवेळी एकच. वळणातून बाहेर पडताना गाडी दम टाकते.

"पाईप अजून जाड करू," उस्ताद म्हणाले. "इंजिनाला मोकळा श्वास हवा."

चार सिलिंडरांतून धूर बाहेर आणणारे हेडरचे चार पाईप आधीच आतून पंचेचाळीस मिलिमीटरचे होते. ताईला तेच खटकत होतं.

"रुंद पाईपात धूर रेंगाळतो, उस्ताद. अरुंद पाईपात तो वेगानं निघतो आणि मागचाही ओढून नेतो."

"पोरी, तू वेल्डिंग कर. हिशोबाचं आम्ही बघतो."

पण उंटावरून शेळ्या हाकायचा ताईचा स्वभाव नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वही घेऊन गाडीत धाकट्याच्या शेजारी बसली. शर्यतीच्या चढणीवर सोळा वळणं, आणि प्रत्येक वळणातून निघताना इंजिन मिनिटाला किती फेऱ्या घेतं ते दाखवणारा काटा कुठे असतो ते तिनं टिपलं. दुसऱ्या फेरीला माथ्यावर पोचताच ती दार उघडून रस्त्याकडेला ओकली, तोंड पुसलं आणि परत येऊन पट्टा लावला.

"चल, अजून एकदा."

इंजिन चढणीवर सात हजार फेऱ्यांनी पळतं असं धरून उस्ताद जाड पाईप मागत होते; वहीनं तो समज खोटा पाडला. सात हजार फेऱ्यांना काटा जेमतेम दोनदा शिवला होता. बाकी सगळी चढण पाच-साडेपाच हजारांच्या आसपास. एका सिलिंडरचं माप चारशे सीसी. त्याला साडेपाच हजारांनी गुणलं, पाईपाचं माप काढायच्या सूत्रातल्या ठरावीक आकड्यानं भागलं, आलेल्या क्षेत्रफळावरून व्यास काढला. पस्तीस मिलिमीटर. तिनं तीनदा मांडून पाहिलं, उत्तर हटेना.

चार दिवस खपून तिनं चारही पाईप एकाच लांबीचे वाकवून जोडले. उस्तादांनी आत बोट घालून पाहिलं.

"हे तर नळाचे वाटतात."

धाकट्याचा चेहरा उतरला. "ताई, हसं झालं तर?"

"पाईप माझे, हसंही माझं. तू नुसती गाडी चालव."

शर्यतीच्या दिवशी ती अकराव्या वळणावर जाऊन उभी राहिली. तिथेच गाडी दरवर्षी मान टाकायची. आधी आवाज आला, नेहमीच्या घोगऱ्या गुरगुरीपेक्षा चढा आणि कोरडा. मग गाडी वळणात शिरली, आणि ताईचा श्वास आत जायच्या आधी बाहेरही पडली, कुणी मागून ढकलावी तशी. शेजारचा माणूस नुसताच "आयला" म्हणाला.

माथ्यावरच्या फलकावर धाकट्याचं नाव पहिलं लागलं. दुसऱ्यापेक्षा एक पूर्णांक चार सेकंदांनी पुढे, आणि स्वतःच्या गेल्या वर्षीच्या वेळेपेक्षा तीन सेकंदांनी.

ती धापा टाकत वर पोचली तेव्हा उस्ताद तिची वाट बघत होते. "वही दाखव," ते म्हणाले. चष्मा लावून त्यांनी पानं सावकाश वाचली, एका ठिकाणी मागे जाऊन पुन्हा वाचली.

"मी सात हजार धरून चाललो होतो," ते शेवटी म्हणाले. "गाडी तिथे जातच नाही, हे बघायचं मला सुचलं नाही. पुढच्या इंजिनाला माप आधी तू काढ. मी नंतर बांधतो."

बावीस वर्षांत त्यांनी तिला काही विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. तिनं मान डोलावली.

तिकडे पंच विचारत होते, "हे पाईप केले त्या मिस्त्रीला बोलवा, कुठे आहे तो?"

"तो नाही, ती," धाकटा म्हणाला आणि ताईच्या दंडाला धरून तिला गर्दीतून पुढे घेऊन गेला. चषक त्यानं तिच्याच हातात दिला. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी डागाळलेल्या दोन्ही हातांनी तिनं तो डोक्यावर उचलला, आणि उस्ताद सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवू लागले.