चिंधीचा पट्टा

टाकेवालीचा नवरा थापाड्या होता. मोठ्या थापा मारायची त्याची छाती नव्हती. राईएवढ्याच, पण रोज. सिगारेट सोडली म्हणायचा आणि धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशात तंबाखूचा भुगा निघायचा. बस डेपोत लावून सरळ घरी आलो म्हणायचा आणि मिशीला अजून टपरीवरचा चहा लागलेला असायचा. टाकेवाली हसून सोडून द्यायची. दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेनी बदलायच्या, उसवलेल्या बाह्या जोडायच्या. त्यात नवऱ्याच्या जिभेला कुठे टीप घालत बसायचं? पण सोडून दिलेलं माणूस विसरतोच असं नाही.

चिंधीसुद्धा थापेच्या पाठीवर बसूनच घरात आली. "मित्राची आहे, रविवारी घेऊन जाईल," असं सांगून त्यानं डेपोतलं एक मरतुकडं पिल्लू आणलं आणि कापडाच्या तुकड्यांच्या टोपलीत ठेवून दिलं. रविवार आला नि गेला, मित्र काही उगवला नाही. तोवर मुलीनं नाव ठेवून टाकलं होतं. मुलगी तेव्हा नुकती बोलायला लागलेली. दोघी एकाच सतरंजीवर लोळून मोठ्या झाल्या. टाकेवाली मशीनवर बसली की चिंधी मशीन चालवायच्या पायट्याजवळ येऊन पडायची, इतकी जवळ की पायटा खाली गेला की तिचा कान हलायचा. नवऱ्याच्या सगळ्या थापांमधली ही एकच थाप घराला लाभली, असं टाकेवाली गिऱ्हाइकांना सांगायची.

खोड एकच. चिंधी भुंकायची. दारावरून पाय गेला, भुंकली. जिन्यात पिशवी घासली, भुंकली. वरच्या मजल्यावरच्या मालकीणबाईंना दुपारची झोप लागत नसे, आणि झोप मोडलेल्या माणसाला दया कुठून यायची? त्यांनी एक दिवस खाली येऊन उभ्या उभ्याच सांगितलं, "एक तर कुत्री जाईल, नाही तर तुम्ही. काय ते ठरवा."

उपाय शेजारच्या काकांनी काढला. भिंतीपलीकडच्या घरात एकटेच राहायचे. निवृत्त गृहस्थ, सोबतीला पहिलवान नावाचा धिप्पाड कुत्रा. माणूस लाखातला. मुलीला खाऊ देणार, टाकेवालीला दोऱ्याची रिळं आणून देणार. त्यांनी एकाच दुकानातून विजेवर चालणारे दोन पट्टे आणले, एक पहिलवानासाठी आणि एक चिंधीसाठी.

"कुत्रं भुंकलं की पट्टा आपोआप पी-पी वाजतो," काकांनी समजावलं. "तेवढ्यानं गप्प बसलं तर उत्तम. नाहीच ऐकलं तर हा रिमोट. बटण दाबलं की मानेला झटका."

"झटका नको," टाकेवाली म्हणाली.

"अगं, मुंगी चावल्यासारखा असतो. मीही आधी नुसता आवाजच वापरणार आहे. मग बघू."

त्यांनी दोन्ही पट्टे टेबलावर शेजारीशेजारी ठेवले, चष्मा वर सरकवला आणि आपल्या रिमोटचं बटण दाबून धरलं. ओळख करून द्यावी लागते म्हणे, रिमोटची आणि पट्ट्याची. दोन्ही पट्ट्यांवरचे हिरवे दिवे एकदमच लुकलुकले. "बघ, जोडीनं शिकले," काका खूश झाले. मग दुसरा रिमोट उचलून त्यांनी चिंधीच्या पट्ट्याची त्याच्याशीही ओळख करून दिली आणि तो नवऱ्याच्या हातात ठेवला. दुसऱ्याचं काम मन लावून करणारा माणूस तो.

टाकेवालीनं घरी येताच मुलीला पुढ्यात उभं केलं. नवऱ्याला म्हणाली, "तुझ्या बाकीच्या शपथा मला माहीत आहेत. हिच्या डोक्यावर हात ठेव. झटक्याचं बटण दाबणार नाही म्हण."

त्यानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "नाही दाबणार. पोरीची शपथ." मुलीला गंमत वाटली. तिनं चिंधीच्या डोक्यावर हात ठेवून तशीच शपथ घेतली.

सुरुवातीला सगळं छान चाललं. पट्टा वाजला की चिंधी मान तिरकी करायची, आपल्याच गळ्यात कोण बोलतंय ते शोधायची आणि भुंकायचं विसरून जायची. मालकीणबाई जिन्यात हसल्यासुद्धा.

मग एका दुपारी, टाकेवाली एका कोटाचं अस्तर लावत होती. चिंधी पायट्याजवळ झोपलेली. भिंतीपलीकडे पहिलवान भुंकत होता, पण तो कधी भुंकत नसे? अचानक चिंधी किंचाळली. भुंकणं नव्हे ते, विव्हळणंही नव्हे. ती ताडकन उठली, मशीनच्या फळीवर डोकं आपटून घेतलं आणि जागच्या जागी मुतली. झोपलेली कुत्री, ना भुंकली ना गुरगुरली.

टाकेवाली आतल्या खोलीत धावली. नवरा पाळी संपवून पलंगावर आडवा झाला होता आणि रिमोट त्याच्या उशाशी होता.

"दाबलंस?"

"काय?"

"बटण दाबलंस तू. झोपमोड झाली का तुझी पहिलवानाच्या भुंकण्यानं? आणि राग हिच्यावर काढलास?"

"अगं, मी हातसुद्धा लावला नाही. पोरीची शपथ."

तो अगदी ह्याच आवाजात सिगारेट सोडल्याचं सांगायचा. लांडगा आला रे आला म्हणून रोज ओरडणाऱ्याचं जे होतं तेच झालं. टाकेवालीनं रिमोट उचलला, बॉबिनच्या डब्यात टाकला आणि डब्याला कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवली.

तरी चिंधी किंचाळत राहिली. कधी जेवताना, कधी दाराशी बसलेली असताना, कधी मुलीच्या पायाशी. आणि जिथे किंचाळली तिथे पुन्हा म्हणून जाईना. वाडग्यातलं खाईना, फरशीवर वेगळं वाढावं लागे. मशीनकडे तर फिरकेना. पायट्याचा आवाज आला तरी तिची पाठ थरथरायची. सरकत सरकत शेवटी ती कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत राहायला गेली. कुणीही हात पुढे केला की मान खांद्यात ओढून घ्यायची आणि डोळे मिटायची.

"आता तर रिमोट तुझ्याकडे आहे ना?" नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा विजय होता, आणि तोच त्याला नडला.

"आता रिमोटची गरजच काय उरलीय? भीती तिच्या अंगात मुरलीय. तू मुरवलीस."

"मग पट्टाच काढून टाकू या."

"म्हणजे ती पुन्हा भुंकणार आणि मालकीणबाई आपल्याला रस्त्यावर काढणार. स्वतःचं पाप झाकायला घर घालवायचंय का तुला?"

पट्टा राहिला. नवऱ्याचं ऐकलं असतं तर, हा विचार तिला नंतर जन्मभर पुरणार होता. काका मात्र हळहळायचे. "माझा पहिलवान बघ कसा सुधारला. भुंकला की एकदा दाबायचं, काम फत्ते. तुमचीच का बिघडली कोण जाणे. एकेका जनावराची जातच भित्री असते."

एका रविवारी सकाळी मुलगी फटीपाशी बसून चिंधीची समजूत काढत होती. आपल्या केसांची रिबीन तिनं पट्ट्यावरून बांधली होती. चिंधीही बऱ्याच दिवसांनी थोडी बाहेर आली होती, शेपटीचं टोक हलत होतं. मुलीनं तिला मिठी मारली आणि गालाला गाल लावला. भिंतीपलीकडे पहिलवान पेपरवाल्यावर भुंकला. चिंधी किंचाळली आणि वळून जे जवळ होतं त्याला चावली.

गालावर टाके पडले. दवाखान्याच्या व्हरांड्यात मुलगी बाकावर आडवी होती, डोळे मिटलेले, डोकं आईच्या मांडीवर. नवरा समोर उभा होता. त्याच्या शर्टावर मुलीचं रक्त वाळलं होतं. टाकेवालीनं आवाज चढवला नाही. शिलाई घेताना दोरा धरावा तितक्या काळजीनं तिनं एकेक शब्द धरला.

"पोरीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललास. फेडलं बघ पोरीनं."

मुलगी झोपलेली नव्हती. तिनं डोळे उघडले आणि बापाकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिली.

चावरी कुत्री कुणी ठेवून घेईना. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी चिंधीला तपासलं. लहान मूल असलेल्या घरात आता ती नकोच, सुई देऊन कायमची झोपवावी लागेल, म्हणाल्या. मग पट्टा काढला आणि मानेवरचे केस बाजूला केले. कातडीवर भाजल्याचे दोन गोल डाग होते.

"हे ताजे आहेत," त्या म्हणाल्या. "अजून झटके देताय तुम्ही हिला?"

टाकेवालीनं नवऱ्याकडे पाहिलं. बॉबिनच्या डब्याचं कुलूप फुसकं, टाचणीनंही उघडेल असलं. नवऱ्यानं तोंड उघडलं आणि काही न बोलता मिटलं. नाही म्हणून म्हणून तो थकला होता. तिनं त्यालाच कबुली धरलं.

"मी धरते हिला," ती म्हणाली. "तू बाहेर थांब. तुझा हात नको लागायला."

तिनं हात पुढे केला तेव्हा चिंधीनं मान आत ओढली. मग टाकेवालीच्या बोटांना मशीनच्या तेलाचा वास येतो तो आला असावा. तिनं हनुवटी टाकेवालीच्या तळव्यावर ठेवली आणि सुई टोचेपर्यंत ती तिथेच ठेवली. टाकेवाली ओक्साबोक्शी रडली. नवरा दाराबाहेर रडला, पण ते पाहायला कुणी नव्हतं.

घरात शांतता झाली, मालकीणबाईंना हवी होती तशी. नवरा कामावरून यायचा, वाढलेलं खायचा, आतल्या खोलीत जायचा. थापा मारणंसुद्धा त्यानं सोडलं. मुलगी त्याच्याशी बोलायची, पण चार पावलं लांबून. तो जवळ आला की टेबलाच्या पलीकडे जायची. एकदा तिनं आईला विचारलं, "बाबानं पुन्हा माझी शपथ घेतली तर पुन्हा चावेल?" टाकेवालीचा राग अजून ताजा होता आणि तिला तो हवासा वाटत होता. राग गेला असता तर त्या जागी दुसरं काय आलं असतं?

डॉक्टरीणबाईंनी पिशवीत घालून दिलेला पट्टा मशीनच्या खणात पडून होता. पट्टी मजबूत होती आणि एका गिऱ्हाइकाच्या पिशवीला तसलीच हवी होती. शिवणारा हात चांगलं कापड टाकून देत नाही. एका दुपारी तिनं मन घट्ट केलं, पट्ट्याची डबी डाव्या मुठीत आवळली आणि कात्रीच्या टोकानं टाके उसवायला घेतले.

भिंतीपलीकडे पहिलवान भुंकला.

मुठीत काहीतरी फुटल्यासारखं झालं. कळ कोपरापर्यंत गेली, कात्री खाली पडली. घाबरून ती पट्ट्याकडे बघत राहिली. चुकून कुठे बोट लागलं असेल म्हणून तिनं तो पुन्हा उचलला, डबीखालची धातूची दोन्ही टोकं तळव्यावर टेकवली आणि हात मांडीवर स्थिर ठेवला. पहिलवान पुन्हा भुंकला. "गप!" काका ओरडले, आणि तिचा हात आपोआप उडाला.

टेबलावरचे दोन हिरवे दिवे तिला आठवले, एकदम लुकलुकलेले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा दोर तिनंच ओढला होता. एकदा नव्हे, दोनदा, आधी नवऱ्यासाठी, मग चिंधीसाठी.

ती आतल्या खोलीत गेली. नवरा गणवेशाच्या शर्टाला इस्त्री करत होता.

"हात दे."

त्यानं इस्त्री बाजूला ठेवून हात दिला. तिनं पट्ट्याची ती टोकं त्याच्या तळव्यावर ठेवली, मूठ मिटवली आणि ती आपल्या दोन्ही हातांत धरली.

"आता थांब जरा. पहिलवान भुंकेपर्यंत थांब."

दोघं उभे राहिले. इस्त्रीखालच्या कापडाचा वास येत होता. जिन्यात कुणाचीतरी पावलं वाजली, मग पहिलवानाचा आवाज आला, आणि तिच्या हातांतली त्याची मूठ थडकन उडाली. त्यानं पट्ट्याकडे पाहिलं, खिडकीबाहेरच्या भिंतीकडे पाहिलं. पहिलवान गप्प झाला होता.

"शाब्बास," पलीकडून काकांचा लाडाचा आवाज आला. "शहाणं बाळ माझं ते."

"मी सांगत होतो," असं नवरा म्हणेल म्हणून टाकेवाली वाट बघत होती. म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो मटकन पलंगावर बसला आणि म्हणाला, "चिंधीला वाटलं असेल आपणच करतोय."

मुलगी दारात येऊन उभी होती. गालावरची पट्टी निघाली होती, व्रण लाल होता. टाकेवाली तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "इकडे बघ. बाबा खोटं बोलला नव्हता. काकांचं बटण चिंधीला लागत होतं, कुणालाच कळलं नाही. बाबानं तुझी शपथ मोडली नाही. आईचं चुकलं. आई वाईट बोलली. कळलं?"

मुलीनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे चिंधी पण वाईट नव्हती?"

"नव्हती गं."

मुलीनं मान डोलावली. चालत पलंगापाशी गेली, बापाच्या अगदी जवळ, कितीतरी दिवसांनी. त्याचा चेहरा ओला झाला होता. त्यानं हळूच तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला.

मुलीनं मान खांद्यात ओढून घेतली आणि डोळे मिटले. तिला सगळं कळलं होतं. तरी मान आत गेलीच.