अस्तानावरची चिठ्ठी

मित्रांनो, माझ्या अंगावर एकेचाळीस चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत आणि एका जागी भाताचा डाग आहे, त्यामुळे पाहताक्षणी माझी ओळख पटायची नाही. मी आशिया खंडाचा नकाशा. आता जुना झालोय, वरची पट्टी मोडलीय, पण दिशा अजून बरोबर दाखवतो बरं का!

प्रयागराजच्या एका लॉजमधल्या दहा बाय दहाच्या खोलीत मी टांगलेला आहे. इथे सगळे स्पर्धा परीक्षेचे उमेदवार. जो खोली सोडतो तो स्टोव्ह, बादली आणि मला पुढच्याच्या हवाली करून जातो. धर्मदेव पालच्या वाट्याला मी असाच आलो. तो गाझीपूरकडचा. शांत, जरा हट्टी. आल्या दिवशी त्याने ओल्या फडक्याने माझी धूळ पुसली. इतक्या मायेने मला आधी कुणी हात लावला नव्हता.

या खोलीचा एक रिवाज होता. जगात कुठे काही बदललं, की त्याच दिवशी माझ्यावर चिठ्ठी लागायची. पेपरात वाचायचं, कागदाचा कपटा कापायचा, नवं नाव लिहायचं आणि चिकटवायचं. धर्मदेव म्हणायचा, "भिंतीवर चिकटलं की डोक्यात चिकटलं." इराणच्या चाबहार बंदरावर हिरवी टाचणी, पाकिस्तानच्या ग्वादरवर लाल. हंबनटोटापाशी तर त्याने इतकं बारीक लिहून ठेवलंय की बिचारी श्रीलंका दिसतच नाही. त्याच्या खोलीत राहणारा लालमणी वयाने लहान. भात ढवळता ढवळता तो धर्मदेवची परीक्षा घ्यायचा.

"बोला भैया, कॅस्पियनला किनारा कुणाकुणाचा?"

"रशिया, कझाकस्तान, तुर्कमेनिस्तान, इराण, अझरबैजान."

"आणि भातात मीठ कुणी घालायचं?"

"आज तुझी पाळी. विषय बदलू नकोस."

असे हसत खेळत दिवस जात होते. पण धर्मदेवचं वयही जात होतं. गावी गेला की लोक विचारायचे, "काय कलेक्टरसाहेब, लाल दिव्याची गाडी कुठे ठेवलीत?" तो मान खाली घालून परत यायचा आणि माझ्यासमोर उभा राहायचा. मला फार वाईट वाटायचं.

एके वर्षी कझाकस्तानने राजधानीचं नाव बदललं. अस्तानाचं नूर-सुलतान झालं. धर्मदेवने लगेच चिठ्ठी लावली. माझ्यावर छापलेलं नाव झाकलं गेलं. मला थोडं लागलं, पण म्हटलं, चालायचंच.

तीन वर्षांनी सप्टेंबरात त्या देशाने पुन्हा जुनं नाव घेतलं. धर्मदेव तेव्हा गावी होता, आईला डेंग्यू झाला होता. लालमणीने बातमी मोठ्याने वाचली. "च्यायला, परत अस्ताना! चिठ्ठ्यांचं काम भैयांचं. ते आले की काढतील." असं म्हणून त्याने त्याच पेपरावर समोसे खाल्ले आणि पेपर चुरगाळून टाकून दिला.

धर्मदेव महिन्याने परतला तो खंगून. चालू घडामोडींचं सप्टेंबरचं मासिक वाचायचं वाचायचं म्हणत राहूनच गेलं. त्याला घोर नव्हता. भिंत होती ना!

पुढच्या मे महिन्यात त्याची शेवटची परीक्षा होती. त्यानंतर वयाची अट संपत होती. आठ दिवस उरले असताना भर दुपारी खिडकीतून झळा येत होत्या. त्या झळांनी चिठ्ठीची कडा सुटली, वर उचलली गेली आणि खालचा छापील 'अ' दिसू लागला. अरे बघ रे बाबा, बघ! मी मनातल्या मनात टाहो फोडत होतो. धर्मदेव जेवता जेवता उठला, जवळ आला. "सुटतंय वाटतं," असं म्हणून त्याने ताटातलं एक शीत उचललं, चिठ्ठीखाली चिरडलं आणि अंगठ्याने ती घट्ट दाबून बसवली. "नूर-सुलतान, नूर-सुलतान," असं दोनदा पुटपुटून तो पुन्हा जेवायला बसला.

मित्रांनो, ज्याला सगळं ठाऊक आहे आणि तोंड नाही, त्याचे हाल कुणाच्या वाट्याला येऊ नयेत.

परीक्षेहून दोघं एकत्रच आले. लालमणी खुशीत होता. "भैया, राजधानीचा प्रश्न तर हातात दिला होता! काय लिहिलंत?"

"नूर-सुलतान."

लालमणीने भिंतीवरच्या चिठ्ठीकडे बोट केलं. "भैया... सप्टेंबरातच बदललं ते. मी वाचलं होतं. तुम्हाला सांगायचं राहिलं."

निकाल लागला. लालमणी पास झाला. धर्मदेवला एक प्रश्न कमी पडला. लालमणी हुंदके देत होता, तर धर्मदेवच त्याला म्हणाला, "रडतोस काय येड्या? आता मुख्य परीक्षेच्या तयारीला लाग."

मग त्याने बोट ओलं केलं आणि चिठ्ठी हळूहळू सोलून काढली. खाली छापलेलं नाव त्याने बराच वेळ वाचलं.

"तुला ठाऊक होतं की रे," तो मला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पेटी घेऊन गेला. स्टोव्ह, बादली आणि मी मागे राहिलो.

मित्रांनो, माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण एखादी गोष्ट कळली, तर शेजारच्याला त्याच दिवशी सांगा. आणि तुमच्यापैकी कुणी गाझीपूरकडे गेलंच, तर धर्मदेवला माझा एक निरोप द्या. त्याच्या उरलेल्या एकेचाळीस चिठ्ठ्या मी पुन्हा पुन्हा ताडून पाहिल्या आहेत. त्यातली एकही चुकलेली नाही. मीच जाऊन सांगितलं असतं, पण मला भिंत सोडता येत नाही.