हलक्या पायाचा दोष

हिरकणीने गाडीचं मागचं दार उघडलं आणि ऋषभला वाकून आत बघायला लावलं. सीटवर गोणपाट अंथरून चिकूची कलमं दाटीवाटीने उभी केली होती.

"आता चालव," ती म्हणाली. "यातलं एकही आडवं पडता कामा नये."

ऋषभ तलासरीच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायचं काम करी. चहाबरोबर फुकट मिळणारं एक हसू त्याच्याकडे कायम तयार असे. ते त्याने पुढे केलं.

"मॅडम, मागच्या वेळी मी स्वतः हायवेला नेली होती. मस्त पळते. कॉम्प्युटरवर पण काही येत नाही. तुम्ही ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबत जा ना."

"मला पळवायची नाहीये रे बाबा. नुकतंच जुळलेलं कलम असतं. झटका बसला की जोड हलतो, आणि मग ते लोकांच्या वाडीत जाऊन मरतं. पाय अलगद टेकवला की ही गाडी आधी अडते आणि मग उसळते. तेवढंच बघ."

घोलवडला हिरकणीची रोपवाटिका होती. वापीला नोकरी करणाऱ्या तिच्या मुलाने, जतीनने, फोनवर निकाल देऊन टाकला होता. सर्व्हिसवाले गाडी ठीक आहे म्हणतात ना, म्हणजे दोष चालवणाऱ्याच्या पायाचा; आधी बाबांचा पाय गेला, आता तुझा. शनिवारी येतो, गाडी विकून टाकू, कलमं टेम्पोने जातील. हिरकणी पन्नाशी उलटल्यावर, शेजारणींची थट्टा ऐकत गाडी शिकली होती. आता झाईपासून डहाणूपर्यंत माणसं तिला गाडीवरून ओळखत. ते सगळं सोडून टेम्पोवाल्याची वाट बघत फाटकाशी उभं राहायचं, हे तिला मुळीच मान्य नव्हतं.

ऋषभ स्टिअरिंगवर बसला. हिरकणी शेजारी बसून मागे वळून कलमांकडे बघत राहिली. त्याने गाडी सर्व्हिस रोडला घेतली आणि सवयीने पाय दाबला, तशी मागची पानं सळसळली.

"हळू," ती म्हणाली. "म्हाताऱ्या आत्याला लग्नाला नेतोयस असं समज."

तो हसला, पण पाय हलका केला. पहिला गतिरोधक गेला. दुसऱ्यानंतर त्याने पेडलवर नुसता पाय टेकवला आणि गाडी श्वास अडकल्यासारखी थबकली, मग पुढे उसळली. दोन कलमं सीटच्या पाठीवर कलंडली.

ऋषभचं हसू गेलं. त्याने तेच पुन्हा करून पाहिलं, तेच पुन्हा झालं.

"आहे काकू," तो म्हणाला. मॅडमची काकू कधी झाली ते त्याच्याही लक्षात आलं नाही.

दुपारपर्यंत सेंटरच्या मेकॅनिकांनी पेडलखालचा एक सुटा भाग काढून नवा बसवला. ऋषभने तिला जुना भाग दाखवला. जोरात दाबलं की याला कळतं, थोडंसं दाबलेलं मात्र याला कळतच नाही, असं त्याने समजावलं. सगळे हायवेला जोरात चालवतात, म्हणून कुणाला सापडलं नाही.

"कधी बिघडला असेल?" तिने विचारलं.

"बिघडला नाही काकू, नवीन गाडीतच तसा आला असणार. एवढ्या वर्षांत कुणाला जाणवलं नाही?"

जतीनला फोन करायला तिने मोबाइल हातात घेतला होता. तो तिने परत पिशवीत टाकला.

"जाणवलं होतं," ती म्हणाली.

आधी गाडी काशीनाथ चालवायचा. ती शेजारी बसायची आणि प्रत्येक झटक्याला नवऱ्याला बोलायची. शुगरने तुमचा पाय बधिर झालाय, कळत कसं नाही तुम्हाला? गिऱ्हाइकांसमोर म्हणायची, जतीनसमोर म्हणायची. गाडीच अडते गं, असं तो एकदाच म्हणाला होता, आणि ती हसली होती. पुढे तो स्वतःहूनच चालवायचा थांबला. रोज संध्याकाळी गरम पाण्यात पाय सोडून बसू लागला.

परतीच्या वाटेवर गाडी लोण्यासारखी चालली. हिरकणीला त्याचा जराही आनंद झाला नाही, नुसती शरम वाटत राहिली.

काशीनाथ हिरव्या जाळीखाली बसून कलमांना पट्ट्या बांधत होता.

"काय म्हणाले?"

आत्ताच एक पार्ट गेला होता, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. वाटभर तिने तेच वाक्य घोळवलं होतं.

"गाडीतच दोष होता," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

त्याचे हात थांबले. "पहिल्यापासून म्हणजे?"

"तुम्ही चालवायचात तेव्हाही. तुमच्या पायाला काही झालं नव्हतं. मीच उगाच बोलत सुटले."

चपलेतून पाय काढून त्याने ओल्या मातीवर टेकवला, बोटं हलवून पाहिली. मग अर्धवट राहिलेली पट्टी बांधून पुरी केली.

"जतीनला कळवलंस?"

"आता करते फोन."

"कर," तो म्हणाला. थोडं थांबून, तिच्याकडे न बघता म्हणाला, "माझंपण सांग त्याला."

हिरकणीने तिथेच उभं राहून फोन लावला.

"जतीन," ती म्हणाली, "बाबांचा पाय चांगला आहे रे."