किटलीतलं वाटीभर दूध

"घरात कुनी आजारी न्हाई, कुनाला सलाईन लागली न्हाई, आन् हिला सकाळच्या पारी पाव लागतोय," म्हशीपुढं कडब्याची पेंढी सोडता सोडता सत्यभामाबाई म्हणाली. "नवऱ्याला बीडहून आणायला लावला, तोबी काल. खाणार आज, शिळा करून. कावून, तर म्हणे शिळाच चांगला भिजतो."

सांगत होती ती ओसरीच्या पायरीवर बसलेल्या मंजुळाबाईला, पण आवाज परसातल्या सुनेपर्यंत बरोबर पोचत होता. अंड्याचा तवा या घरात गॅसवर चढत नसे. म्हणून सारिका बाहेरच्या चुलीवर फ्रेंच टोस्ट करत होती. पावाचा काप दूध-अंड्यात बुडवायचा, लगेच उलटायचा, तुपावर मंद आचेला लावायचा. वेलदोडा आणि साखरेचा वास अंगणभर झाला होता.

मंजुळाबाईचा चहा केव्हाच संपला होता, तरी ती उठत नव्हती. गावातल्या महिला दूध संस्थेची चेअरमन सत्यभामाबाई. तीन वर्षांमागं मंजुळाबाईच्या दुधात पाणी निघालं, तेव्हा सगळ्या बायांसमोर तिची किटली मोरीत उपडी केली होती ती हिनंच. त्या दिवशीच मंजुळाबाईचं नाव संस्थेतून कटलं. आता भावानं तिला गाय दिली होती, म्हणून संस्थेत परत घ्या म्हणायला ती आली होती.

"एकदा चुकले, चेअरमनबाई. पुन्यांदा न्हाई व्हायचं."

"दुष्काळ समद्यांनाच हाय, मंजुळे. समद्या पाणी घालतेत का?"

सत्यभामाबाई हात झटकत ओसरीवर आली. डेअरीला जायची किटली तिथंच भिंतीशी होती. तिचं झाकण तिरकं बसलेलं दिसलं आणि ती थबकली.

"सारिका, किटलीला कुनी हात लावला?"

"मी, आत्या. घरचं दूध चहाला संपलं, म्हणून वाटीभर घेतलं टोस्टला."

सत्यभामाबाईनं झाकण दाबून बसवलं. बसलं होतं तरी पुन्हा दाबलं.

म्हैस आटत चालली होती. अर्धी किटली घेऊन चेअरमनबाई टेम्पोपाशी येते, असं बायांनी बघावं, हे तिला सोसवलं नाही. पंधरा दिवसांपासून अंगणातल्या पिंपातलं टँकरचं दोन तांबे पाणी त्या किटलीत जात होतं. पाणी तपासायची काचेची डिग्री बाकी सगळ्यांच्या दुधाला लागायची; चेअरमनबाईंच्या किटलीत ती बुडवायची छाती कुणाची? पण गावात जुलाब सुरू झाले, तसे परवापासून टँकरवाले पाण्यात ब्लीचिंग पावडर जास्त टाकू लागले. चहासुद्धा नाक दाबून प्यावा लागे. दुधात काय कळणार, असं तिला वाटलं होतं.

सारिका ताटली घेऊन आली. चार काप, कडेनं लालसर, मधे पिवळे.

"घ्या, मावशी."

"तिला कशाला? ती अंडं खात न्हाई."

"कुनी सांगितलं?" मंजुळाबाई पहिल्यांदाच हसली. "मी समदं खाते. कडबा दिला, तर तो बी खाते."

तिनं एक काप उचलला, फुंकर घातली, चावला. दोनदा चावून तिचं तोंड थांबलं. तिनं पिंपाकडं बघितलं. मग किटलीकडं. सत्यभामाबाईकडं मात्र बघितलं नाही. घास गिळला आणि दुसरा घेतला.

सारिकानंही कोपरा मोडून तोंडात टाकला. तिचा चेहरा उतरला. सासूच्या हाताकडं तिची नजर गेली. तो अजून झाकणावरच होता.

"माझंच चुकलं," ती हळूच म्हणाली. "पाव लईच शिळा निघाला. वास येतोय."

"असंल. शिळ्या पावाला येतो असा वास," मंजुळाबाई म्हणाली. राहिलेला काप तिनं संपवला, बोटाचं तूपसुद्धा चाटलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठली. "येते, चेअरमनबाई." गाईचं, संस्थेचं तिनं पुन्हा काढलं नाही.

ती एक शब्द बोलली असती, तर सत्यभामाबाईपाशी दहा तयार होते. आता ते तोंडातच राहिले.

कोपऱ्यावर डेअरीच्या टेम्पोचा हॉर्न वाजला. सारिकानं किटली उचलली.

"आत्या, देऊन येऊ?"

सत्यभामाबाईनं तिच्या हातातून किटली घेतली आणि खाली ठेवली. हॉर्न पुन्हा वाजला. टेम्पो थोडा थांबला, मग पुढं गेला. मंजुळाबाई फाटकाची कडी काढत होती.

"मंजुळे, थांब."

सत्यभामाबाई पायरीवर बसली, मघाशी मंजुळाबाई बसली होती तिथंच. ताटलीतला एक काप घेतला. सावकाश, पुरता खाल्ला. पदरानं तोंड पुसलं आणि सुनेकडं बघत, पण फाटकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली,

"पाव चांगला झालाय, पोरी. वास माझ्या दुधाला हाय."